नोंदवहीत नसलेले नाव

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आहे. त्याची एक किल्ली प्रमुख धर्मगुरूंकडे असते. दुसरी कित्येक वर्षे आमच्या खिशात होती. शाळेतील नोकरी सांभाळून आम्ही एकवीस वर्षे धर्मग्रामसभेचे काम पाहिले आणि त्यांतील नऊ वर्षे चिटणीसपद भूषविले. ('भूषविले' हा शब्द आम्हांला दिलेल्या मानपत्रातला आहे, आमचा नव्हे.) त्या कपाटात स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्या आहेत. कोणाला दाखला हवा असला आणि त्याने वर्ष सांगितले की कोणत्या खणातील कितवी वही काढायची, हे आम्ही न पाहता सांगत असू. जुन्या वह्यांतील लॅटिन नोंदी लावता येणारी माणसे आता वसईत मोजकीच उरली आहेत. त्यांत आपली गणना होते याचा आम्हांला अभिमान होता, हे कबूल केलेले बरे. आमच्या पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद त्याच कपाटात आहे. आमची आहे, आमच्या मुलांची आहे. ख्रिस्तसभा म्हणजे काय, असे कोणी विचारले असते तर आम्ही बहुधा त्या कपाटाकडेच बोट दाखविले असते.

आमचा धाकटा भाऊ आमच्याहून बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेल्यामुळे त्याचे शिक्षण आमच्या देखरेखीखाली झाले. वेदीसेवक म्हणून त्याला पहिल्यांदा पांढरा झगा घातला तोही आम्हीच. नोकरीनिमित्त तो मुंबईच्या एका उपनगरात राहू लागला. २००५ सालच्या नाताळात तो सपत्नीक घरी आला, पण मध्यरात्रीच्या मिस्साला आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना आमच्या सौभाग्यवतींनी सहज विचारले, "भाऊजी, रात्री देवळात दिसला नाहीत?"

"वहिनी, मी वर्षभर देवळात जात नाही," तो म्हणाला. "आम्ही रविवारी एका हॉलमध्ये प्रार्थनेला जमतो." मग आमच्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "दादा, तुमच्याकडे धर्म आहे. मला येशू भेटलाय."

असे वाक्य कानावर पडले नाही असे कॅथलिक घर आज आपल्या भागात शोधावे लागेल. ज्यांच्या घरी ते नाताळच्या ताटावर बसून उच्चारले गेले असेल, त्यांना आमची अवस्था निराळी सांगायला नको. आम्हांला संताप आला. तो संताप प्रभूसाठी होता, असे त्या वेळी आम्ही स्वतःला सांगितले. पण मनात पहिला विचार आला तो असा की, चिटणिसाचाच भाऊ 'बिलिव्हर' झाला, हे उद्या धर्मग्रामसभेत कोणत्या तोंडाने सांगायचे? मग आम्ही आमची शस्त्रे बाहेर काढली. पेत्राला दिलेल्या किल्ल्या, सात संस्कार, प्रेषितांपासून अखंड चालत आलेली परंपरा. ज्या बायबलातील वचने तू आम्हांला ऐकवतोस त्या बायबलात कोणती पुस्तके असावीत हे ठरविले कोणी? आमचा एकही मुद्दा चूक नव्हता, आजही आम्ही त्यांतील एकही मागे घेणार नाही. भावाने सारे ऐकून घेतले.

"दादा, हे सगळं तू बरोबरच सांगतोयस," तो म्हणाला. "पण तू त्याच्याशी शेवटचं कधी बोललास? पुस्तकातलं वाचून नाही. मनातलं."

आम्ही उत्तरासाठी तोंड उघडले आणि उत्तर आले नाही. आई म्हणाली, "जेवा रे, निवतंय." त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ पुढे बोललो नाही, आणि त्यानंतरची पंधरा वर्षे जे बोललो ते हवापाण्याचे.

त्याच्या मनात हे आले कोठून, याचा शोध आम्ही तेव्हा घेतला नाही. कारण ते आम्हांला ठाऊक होते आणि ठाऊक असणे आम्हांला नको होते. २००३ च्या जूनमध्ये त्याला मुलगा झाला. दिवस भरण्यापूर्वीच झाला आणि अवघे चार तास जगला. भाऊ त्याच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात गेला. टेबलामागच्या गृहस्थांनी प्रथम कुटुंबाचे कार्ड मागितले, मग तीन वर्षांची वर्गणी थकल्याचे निदर्शनास आणून दिले आणि शेवटी विचारले, "स्नानसंस्कार झाला होता का?" झाला नव्हता. मग आम्ही काय करणार, असे म्हणून त्यांनी वही मिटली. धर्मगुरू त्या दिवशी बाहेरगावी होते. बाळाला महापालिकेच्या दफनभूमीत पुरले, धर्मगुरूवाचून. ज्यात त्याला ठेवले होते ते खोके शवपेटी म्हणावी एवढेही नव्हते. भावाने ते रिक्षात मांडीवर घेऊन आणले. धर्मग्राम कोणते, हे लिहिण्याचे कारण नाही. टेबलामागे बसणाऱ्या माणसावर दगड उचलण्याचा अधिकार आम्हांला नाही.

वास्तविक ख्रिस्तसभेचा कायदा त्या गृहस्थांहून पुष्कळ कनवाळू होता. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११८३ व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, आईवडिलांचा स्नानसंस्कार देण्याचा मानस असताना बालक त्याआधीच दगावले, तर स्थानिक बिशपांच्या अनुमतीने त्याचा अंत्यविधी ख्रिस्तसभेच्या रीतीने करता येतो. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ अशी बालके देवाच्या दयेवर सोपवितो. दार उघडे होते, दारापाशी बसलेल्याला ते उघडे असल्याची वार्ता नव्हती. आम्हांला मात्र ते कलम पाठ होते. एक फोन केला असता तर कदाचित काम झाले असते. पण दुसऱ्या धर्मग्रामाच्या कारभारात ढवळाढवळ करणे आम्हांला शिष्टाचारास धरून वाटले नाही. शिवाय त्या संध्याकाळी आमच्याकडे सणाच्या तयारीची सभा होती. साडेपाचची गाडी पकडून आम्ही परतलो. इतिवृत्त आम्हांलाच लिहायचे होते.

त्या आठवड्यात भावाच्या खोलीवर चार अनोळखी माणसे आली. शेजाऱ्याने त्यांना सांगितले होते. ती जमिनीवर बसली, भावजयीचा हात हातात घेऊन रडली, भात शिजवून वाढून गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. वर्गणीचा विषय त्यांनी काढला नाही. यापुढे काय झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आईविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. तिचे शिक्षण चौथीपर्यंत. तिचा जन्म १९३६ चा, म्हणजे तिच्या आयुष्याची पहिली तीस वर्षे तरी तिने लॅटिन मिस्सा ऐकली. त्यातले तिला एक अक्षर कळत नसे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट करून दिली आणि यथाकाल आमच्या वेदीवर मराठी आली. सर्वांना आनंद झाला. आईलाही झाला असावा, परंतु तिने आपली तक्रार नोंदविली होती: "पूर्वी फादर त्यांचं बोलायचे नि मी माझं बोलायचे. आता दोघांना एकच बोलावं लागतं." आम्ही ही गोष्ट विनोद म्हणून धर्मग्रामाच्या स्नेहसंमेलनांतून अनेकदा सांगितली आहे. तो विनोद नव्हता, हे समजायला आम्हांला फार वर्षे लागली.

ती खरोखरच बोलत असे. विहिरीवर, चुलीपुढे, वाडीत केळीला पाणी सोडताना. संत अंतोनीवर ती रागावे. हरवलेली वस्तू मिळायला वेळ लागला तर त्याला बोल लावी. पवित्र मरियेशी तिचे बोलणे एका लेकुरवाळीने दुसरीशी बोलावे तसे चाले. प्रभूशी मात्र थोडे अदबीने, पण आडपडदा न ठेवता. पाऊस लांबला तर ती त्याला पावसाची आठवण करून देई. आम्ही शिक्षक झाल्यावर तिला एकदा समजावून सांगितले की, प्रार्थनेचे चार प्रकार आहेत: आराधना, पश्चात्ताप, आभार आणि याचना. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "असतील."

भावाचे ते वाक्य नवे नाही, हे आम्हांला पुढे वाचनात आढळले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या नमूद करतात की, पुढची आठ वर्षे आपल्या हाती ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त अजून गवसला नव्हता. म्हणजे आमच्या जेवणाच्या ताटावर जे भांडण झाले ते रमाबाईंच्या अंतःकरणात शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेले होते. मात्र ख्रिस्त भेटल्यावर बाईंनी काय केले, तेही पाहिले पाहिजे. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून अनाथ मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांनी 'मुक्ती' उभारले. विहिरी खोदल्या, माग लावले, शाळा चालविली, छापखाना घातला. एवढ्या मुलींना रोज दोन वेळा जेवू घालायचे म्हणजे कोठीची वही आलीच. नारायण वामन टिळकांचे उदाहरण जरा निराळे. १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली आणि बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' मांडला. दोन वर्षांत, १९१९ मध्ये, ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. टिळकांची भजने मात्र टिकली. ती टिकली ती मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकांत, ज्या व्यवस्थेला ते कंटाळले होते तिच्याच बाकांवर बसून लोक ती गातात. यात टिळकांचा पराभव पाहणारे पाहोत. आम्हांला तो दिसत नाही.

आणि भावाच्या हॉलचे म्हणाल, तर दहा वर्षांत तेथेही समिती झाली, पावतीपुस्तक आले, ध्वनिक्षेपकाच्या खर्चावरून दोन तट पडले आणि एक तट पलीकडच्या शाळेत रविवारी जमू लागला. हे भावानेच आम्हांला सांगितले, हसत हसत. आम्ही हसलो नाही. मनातून आम्हांला बरे वाटले होते, आणि बरे वाटल्याची लाज वाटत होती.

मग २०२० साल उजाडले. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि चर्चचे दार बंद झाले. पवित्र आठवडा घरात गेला. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आम्ही मोबाइल फोनच्या पडद्यासमोर पाट मांडून साजरा केला. सभा नाहीत, मिरवणूक नाही, वर्गणी नाही, दाखले नाहीत. पहिले दोन आठवडे विश्रांतीचे गेले. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी आम्ही ओटीवर बसलो असता ध्यानात आले की, प्रभूकडे आमचे काहीच काम उरलेले नाही. एकवीस वर्षे आम्ही त्याच्या घरी जात होतो; पण कारभाऱ्याने मालकाच्या घरी जावे तसे. हिशेब दाखवावा, पुढची कामे विचारावी आणि निघावे. कारभार बंद पडला आणि मालकाशी बोलायला शब्द सापडेनात. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रश्न ओटीवर येऊन आमच्या शेजारी बसला.

आई आतल्या खोलीत होती. तिची स्मृती तोवर बरीचशी गेली होती. आम्हांला ती कधी आपला भाऊ समजे, कधी शेजारी. पण टाळेबंदीने तिचे काहीच बंद पडले नव्हते. संध्याकाळी सातला तिची बोटे उशीखाली जपमाळ शोधू लागत आणि मग बराच वेळ भिंतीआडून तिचा आवाज येई. थोडा जपाचा, थोडा गप्पांचा.

त्याच काळात, वेळ जाईना म्हणून, आमच्या वसईच्या संतावर धर्मग्रामाच्या पत्रिकेसाठी लेख लिहावा असे ठरवून आम्ही पुस्तके काढली. संत गोन्सालो गार्सियांची कथा वाचकांना ठाऊक आहे. वसईत जन्मलेला हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, धर्मशिक्षक म्हणून वर्षानुवर्षे राबला. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. त्याने काही काळ व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात तो साधा बंधू म्हणून दाखल झाला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर इतर पंचवीस जणांसह क्रुसावर गेला. ज्या संस्थेने दार उघडले नाही तिच्यावर रुसून तो घरी बसला नाही, असे एक वाक्य आम्ही भावाला उद्देशून लेखात घातलेही होते. पुढे ते खोडले.

कारण पुढे वाचत गेलो तो नागासाकीची नंतरची हकिकत लागली. १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. त्यानंतर जवळजवळ अडीचशे वर्षे त्या देशातील ख्रिस्ती शेतकऱ्यांना आणि कोळ्यांना ना मिस्सा मिळाली, ना पापनिवेदन, ना बिशप. पुढे नागासाकीत फ्रेंच धर्मगुरूंनी परदेशीयांसाठी ओउरा येथे एक चर्च बांधले. ते त्या सव्वीस हुतात्म्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोलाही, वाहिलेले आहे. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावातील काही खेडूत तेथे आले. एका बाईने फादर पेतितजाँ यांच्या जवळ जाऊन हलक्या आवाजात सांगितले की, आमच्या अंतःकरणात आहे तेच तुमच्याही अंतःकरणात आहे. आणि विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे? सात पिढ्या उलटून गेल्या होत्या.

संस्थेवाचून श्रद्धा टिकते, असे कोणी यावरून म्हणेल, आणि ते खरे आहे. पण ती कशी टिकली? त्या गावांनी आपसांत काही कामे वाटून घेतली होती. एक माणूस पंचांग सांभाळी: उपवासकाळ केव्हा, नाताळ केव्हा, हे तो सर्वांना गुपचूप कळवी. म्हणजे चिटणीस त्यांनीही ठेवला होता, फक्त त्याचे इतिवृत्त सापडले असते तर त्याचे मस्तक गेले असते. पापनिवेदन ऐकायला कोणी नाही म्हणून खऱ्या पश्चात्तापाची प्रार्थना ते पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करवून घेत. आणि दुसरा एक माणूस नेमलेला असे, त्याला ते 'पाणी ओतणारा' म्हणत. मूल जन्मले की तो रात्री येई, डोक्यावर पाणी ओती, शब्द उच्चारी आणि नाव ठेवी. बंदी १८७३ मध्ये उठली. हजारो लोक ख्रिस्तसभेत परतले; काही परतले नाहीत, आपल्या पूर्वजांनी जसे राखले तसेच ते राखीत राहिले.

'पाणी ओतणारा' या शब्दांपाशी आमचा चष्मा हातातच राहिला.

२००३ च्या त्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास, आमच्या घरचा फोन वाजला होता. भाऊ इस्पितळातून बोलत होता. "दादा, बाळ झालंय. पण डॉक्टर म्हणतात, जगणं कठीण आहे. काय करू?" आम्ही म्हणालो, "धीर धर. तुझ्या फादरांना कळव. मी सकाळच्या गाडीने निघतो." त्या वेळी बाळ जिवंत होते. आणखी दोन तास ते जिवंत असणार होते.

आम्ही चौदा वर्षे रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात शिकविले आहे. 'मरण समीप असताना स्नानसंस्कार कोण देऊ शकतो?' हा प्रश्न आम्ही दर वर्षी परीक्षेत घालीत असू. उत्तर: कोणीही. साधे पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने उच्चारलेले शब्द, ख्रिस्तसभेचा हेतू मनात धरून, बस्स. शब्द अपुरे लिहिणाऱ्या मुलाचा आम्ही अर्धा गुण कापीत असू. आणि ज्या एका पहाटे ते उत्तर एका माणसाला हवे होते, तो माणूस आमचा भाऊ असून, आमच्या तोंडून निघाले ते कार्यालयाचे उत्तर. योग्य त्या ठिकाणी अर्ज करा. जपानातील कोळ्याला जे अडीचशे वर्षे विसरू दिले गेले नाही ते आम्ही एका रात्रीत विसरलो; विसरलो असेही नव्हे, ते आमच्या उपयोगाचे ज्ञान आहे असे आम्हांला कधी वाटलेच नव्हते. टेबलामागच्या त्या गृहस्थांनी तरी वही मिटली ती बाळ गेल्यानंतर.

टाळेबंदी सैल झाल्यावर भाऊ आईला पाहायला येऊ लागला. शनिवारी संध्याकाळी येई आणि मुक्काम करी. एका शनिवारी सात वाजले, आईने उशीखालून जपमाळ काढली, पण तिची बोटे त्या दिवशी चालेनात. तिने माळ भावाच्या हातात ठेवली. तो कोण, हे तिला कळत नव्हते. "तू सांग," ती म्हणाली.

त्यांच्या मंडळीत जपमाळ करीत नाहीत, मरियेची विनवणी करीत नाहीत. ते त्यांना मान्य नाही. आम्ही दारात उभे होतो. पुढे होऊन माळ आपल्या हाती घ्यावी, असे आम्हांला वाटले, पण पाय हलले नाहीत. मोठ्या मण्यावर त्याने प्रभूची प्रार्थना म्हटली. पहिल्या लहान मण्यावर तो थांबला. आई वाट पाहत राहिली, ओठ किंचित उघडे ठेवून. मग त्याने सुरुवात केली, आणि आई उत्तरार्ध म्हणू लागली. पाचही दशके झाली. मधेच आईने आपल्या पद्धतीप्रमाणे मरियेला काहीतरी घरगुती सांगितले, ते त्याने थांबून ऐकून घेतले आणि पुढचा मणी धरला.

नंतर तो ओटीवर आला. "पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानातलाच आहे," आमच्याकडे न पाहता तो म्हणाला. जणू आम्ही त्याला जाब विचारला होता!

त्या रात्री आम्ही त्याला पहाटेच्या फोनचे सांगितले. त्याने विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर द्यायला हवे होते, ते द्यायला आम्हांला सतरा वर्षे लागली, असे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही.

"मला ठाऊक आहे, दादा," शेवटी म्हणाला. "दोनतीन महिन्यांनी तिथली एक नर्स भेटली होती, केरळची. ती म्हणाली, त्या रात्री माझी पाळी असती तर मीच दिला असता, कोणीही देऊ शकतं. तेव्हा कळलं."

"मग नाताळात का नाही बोललास? एवढा वाद झाला, तेव्हा का नाही?"

"आई जेवत होती," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आता मी तसं मानत नाही, दादा. लहान बाळाला पाणी लागतं असं मी आता मानत नाही. पण तेव्हा मानत होतो."

आई २०२२ च्या जानेवारीत गेली. रुग्णाभ्यंग संस्कार झाला, आमच्या धर्मगुरूंनी आपुलकीने सर्व केले. भावाने खांदा दिला. मिस्साच्या वेळी तो शेवटच्या बाकावर बसला आणि ख्रिस्तप्रसादाला पुढे आला नाही. लोकांनी माना वळवून पाहिले, आम्ही पाहिले नाही. आम्ही आईशी बोलत होतो, आणि आईच्या निमित्ताने तिच्या ओळखीच्या सगळ्यांशी. अडखळत. सराव नाही अजून.

किल्ली आम्ही परत दिली आहे, वयोमानानुसार. त्यात त्याग वगैरे काही नाही. नवा चिटणीस चुणचुणीत आहे, नोंदी संगणकावर घेतो. धर्मशिक्षणवर्गातील शिक्षकांसमोर आम्हांला दोन शब्द बोलायला बोलाविले होते, तेव्हा आम्ही त्या एका प्रश्नोत्तरावर बोललो आणि सर्वांना पाण्याचा पेला हातात घेऊन ते शब्द म्हणायला लावले. दोघे तिघे हसले.

२०२४ च्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, आम्ही कार्यालयात गेलो आणि बाळासाठी एक मिस्सा नोंदवायची आहे, असे सांगितले. धर्मगुरू तरुण आहेत. त्यांनी हकिकत ऐकली, मधे एकही प्रश्न विचारला नाही. मग वही उघडून पेन हातात घेतले आणि म्हणाले, "नाव?"

आम्हांला ठाऊक नव्हते. एकवीस वर्षांत आम्ही ते विचारले नव्हते. बाळाला नाव असेल, हेच डोक्यात आले नव्हते. आम्ही बाहेर वऱ्हांड्यात येऊन भावाला फोन लावला. आम्ही कोठून बोलतो आहोत आणि काय हवे आहे ते सांगितले. पलीकडे गाडीचा आवाज येत होता, तो स्टेशनवर असावा. आवाज जाईपर्यंत तो गप्प राहिला. मग त्याने नाव सांगितले. ते आमच्या वडिलांचे नाव होते.

आम्ही आत जाऊन ते लिहून दिले आणि फोन पुन्हा कानाला लावला. त्याने तो ठेवला नव्हता.

"किती वाजता आहे?" त्याने विचारले.

"सकाळी साडेसहा."

"पहिली गाडी किती वाजता पोचते रे, दादा?"